अकरा खोल्यांचं घर

गळतीभाऊंना चष्मा कधी सापडायचा नाही. तो कपाळावर असायचा आणि घरभर शोध चालायचा. मग त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ओट्यापासून न हलता म्हणायच्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि म्हणे यांना जमिनीखालच्या भिंती सापडतात." यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते स्वतः गळतीभाऊ. ते हसणं आता बंद झालं आहे, आणि ते बंद पाडण्यात माझा हात आहे. अगदी खराखुरा हात, मी पेन्सिल धरते तो.

त्यांचा धंदा नळकामाचा. पण नव्या घरात नळ बसवायला गेले की ते जांभया द्यायचे. त्यांची खासियत गळती. भिंतीला ओल आली आहे, कुठून ते कळत नाही, चार जण येऊन फरशी फोडून गेलेत आणि घरातल्या बाईला रडू फुटायचं बाकी आहे, अशा वेळी त्यांना बोलावणं जायचं. ते दारात चपला काढायचे आणि आधी पेलाभर पाणी मागायचे. ते प्यायचे नाहीत. पेला खिडकीशी धरून गंज दिसतो का बघायचे आणि परत द्यायचे. मग चौकशी सुरू. टाकी भरायला हल्ली जास्त वेळ लागतो का? अनवाणी चालताना कुठली फरशी गार लागते? न्हाणीघर आधी कुठे होतं? बोलता बोलता त्यांची बोटं भिंतीवरून फिरत असायची. एखाद्या जागी थांबायची, पुढे जायची, परत तिथेच यायची. हे सगळं झालं की ते पिशवीतून पितळेच्या दोन तारा काढायचे, काटकोनात वाकवलेल्या, त्यांच्या मामांनी दिलेल्या. एकेका मुठीत एकेक तार हलकी धरून ते खोलीत चालायचे, आणि एका ठिकाणी तारा आपोआप वळून एकमेकींवर यायच्या. "इथे," ते म्हणायचे. एकच फरशी निघायची आणि खाली पाणी असायचं. बघणारे अवाक व्हायचे. सगळ्यांची नजर तारांवर असायची. तारा निघायच्या त्या सगळ्यात शेवटी, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला फार हुशार समजते.

मी पाणीखात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले. आमची ओळख झाली तीही एका फुटलेल्या पाईपमुळे. बाजाराच्या रस्त्यावर तळं साचलं होतं, साहेबांनी माझा नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला होता आणि नकाशाप्रमाणे तीन खड्डे खणून झाले होते. पाईपचा पत्ता नव्हता. गळतीभाऊ तेव्हा चाळिशीचे असतील. त्यांनी नकाशा पाहिला, रस्ता पाहिला आणि मला म्हणाले, "ताई, कागद झकास आहे. पण पुरणाऱ्याला इथे मध्ये खडक लागला असणार हो. तो बिचारा वळला असणार." मग तारा घेऊन चालले आणि चौथा खड्डा बरोबर पडला. साहेब तारांवर खूश झाले. मी माझ्या सरळ रेघेवर चिडले, पण ती बदलली नाही.

पुढे माझ्या निवृत्तीच्या सुमारास आमच्या औषधाच्या दुकानवाल्यांनी दुकान मुलाला दिलं आणि मोकळ्या वेळेचं काय करावं म्हणून एक मंडळ काढलं. वीटभट्टीच्या मागे मोठं माळरान आहे. तिथे नांगर लागला की जुनी खापरं वर यायची, म्हणजे खाली कधीतरी वस्ती असणार हे उघड होतं. ज्या तारांना पाणी कळतं त्यांना भिंती का कळू नयेत, असा दुकानवाल्यांचा सवाल. त्याला उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून ते अध्यक्ष झाले. आम्ही सातजण. गावात आम्हाला 'तारवाले' म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, डोक्यावर परिणाम झाल्याची शंका जास्त.

दर रविवारी सकाळी आम्ही माळावर जायचो. आमची पद्धत मोठी कडक होती. दोरी ताणून पट्टे आखायचे. एका वेळी एकानंच तारा घेऊन चालायचं आणि बाकीच्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं, म्हणजे कुणाच्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळायला नको. तारा जुळल्या की चालणाऱ्यानं "आहे" म्हणायचं, सुटल्या की "गेली". मी पाठमोरी उभी राहून त्यानं सांगितलेला पावलांचा आकडा कच्च्या वहीत लिहायची. घड्याळं, किल्ल्या, जेवणाचे डबे, सगळा धातू लांब एका झाडाखाली ठेवायचा, कारण धातूनं तारा बिघडतात. आणि खणायचं मात्र नाही. कुदळीला हात लावायचा नाही, ते सरकारचं काम. आमचा नऊ वर्षांत एकदाही पराभव झाला नाही, त्याचं खरं कारण हा नियम होता.

झाडाखालची ती जागा पहिल्याच दिवशी गळतीभाऊंनी ठरवली होती. अध्यक्ष दुसरीकडे सतरंजी पसरत होते. गळतीभाऊ म्हणाले, "तिथे नको, ओल येईल खालून. इथे बसू. हे गवत बघा, बाकीचं हिरवं आहे आणि एवढाच पट्टा वाळलाय. खाली काहीतरी घट्ट आहे." आम्ही सतरंजी उचलून तिथे पसरली. मी ते वहीत लिहिलं नाही. गळतीभाऊंच्या हातात तेव्हा तारा नव्हत्या, डब्यांची पिशवी होती.

आता माझ्या पापाकडे येते. सातजणांत तारा खऱ्या चालायच्या त्या गळतीभाऊंच्याच, असं सगळे मानायचे. म्हणून पक्का नकाशा फक्त त्यांच्या आकड्यांवरून काढायचा असं ठरलं. घरी बसून मी ते बिंदू आलेखाच्या कागदावर मांडले, तर ते पोरांनी फेकलेल्या चिंचोक्यांसारखे पसरले. रेघ कुठेच होईना. पण माझा हात रेघेचा. मी म्हटलं, चालणाऱ्याचं पाऊल कधी लहान पडतं, कधी मोठं, तर हा बिंदू अर्धं पाऊल डावीकडे घ्यायला हरकत नाही. तो घेतला. मग शेजारचा एक पाऊल घेतला. तिसरा कशातच बसेना, तेव्हा तो दमल्यामुळे आला असेल म्हणून सोडून दिला. खात्यात आम्ही हेच करत आलो होतो, त्याला 'साफ करणं' म्हणायचे. रविवारी मी कागद उघडला तेव्हा त्यावर बारा पावलांची सरळ भिंत होती.

गळतीभाऊंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ताई, हे माझ्या हातातून आलं?" मी हो म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा माणसाला खरं काय ते सांगायला फार धीर लागतो, आणि मला तर तेव्हा खोटं बोलतेय असंही वाटलं नव्हतं.

नऊ वर्षांत त्या भिंतीचं घर झालं. अकरा खोल्या, मधे चौक, पूर्वेला रुंद दरवाजा. गळतीभाऊ आणि वहिनी जन्मभर दोन खोल्यांत राहिले, त्यातल्या एकीत अवजारंच जास्त. पण माळावरच्या घरात ते मालकासारखे हिंडायचे. "चौकातलं पाणी बाहेर कुठून काढलं असेल हो, ताई?" हा त्यांना छळणारा प्रश्न. उतार पश्चिमेला, म्हणजे नाली सातव्या खोलीच्या भिंतीलगत गेली असणार. मग सातव्या खोलीत ओल येत असणार. मग तिथे कुणी झोपत नसणार, धान्यही ठेवत नसणार. नसलेल्या माणसांच्या नसलेल्या खोलीतली ओल कशी काढायची, याचा ते आठवडाभर विचार करायचे. वहिनी मला म्हणायच्या, "ताई, तुम्ही यांना दुसरा संसार थाटून दिलात. सवत परवडली असती, ती निदान एका खोलीत राहिली असती." नकाशाची एक प्रत त्यांच्या पलंगावरच्या भिंतीला लावलेली होती. ज्या भिंतीवर लोक मुलांचे फोटो लावतात, तिथे.

मग बाह्यवळण रस्ता निघाला. माळाच्या मधोमध जाणार, घरावरूनच. अध्यक्षांनी अर्ज केले, नकाशे जोडले, आणि चमत्कार म्हणजे उत्तर आलं. संग्रहालयातल्या एक बाई येऊन भेटल्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, खापरं आहेत म्हणून एक चर खणायची परवानगी मिळाली आहे, तीन दिवसांची. बांधकाम लागलं तर रस्ता सरकवता येईल. तारांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि त्यांनी तो असल्याचं सोंगही केलं नाही. पण कुठे ना कुठे खणायचंच होतं. नकाशावर हात फिरवून त्या म्हणाल्या, "फार सरळ आहे. इतकं सरळ मी खणताना कधी बघितलं नाही." गळतीभाऊंना ते कौतुक वाटलं. त्यांनी स्वतः जागा दाखवली, पूर्वेच्या दरवाजाजवळचा कोपरा. "इथे दोन भिंती मिळतात. इथे चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. कच्ची वही माझ्या पिशवीत होती.

पहिल्या दिवशी गळतीभाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले. वहिनीही आल्या, नऊ वर्षांत पहिल्यांदाच, सवतीचं घर बघायला. मजूर बोटबोट माती खरवडत होते. गुडघाभर झालं, काही नाही. "अजून खाली असेल," गळतीभाऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी कमरेइतकं. त्यांनी तारा काढल्या, चराच्या कडेनं चालले, आणि तारा जुळल्या. "बघा, आहे." मजूर एकमेकांकडे बघून हसले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई खाली उतरल्या, चराच्या बाजूवरून हात फिरवला आणि वर येऊन म्हणाल्या, "काका, ही माती कोरी आहे. हिला माणसाचा हात कधीच लागलेला नाही. भिंत पडली, दगड चोरीला गेले, तरी मातीला कळतं. इथे काही नव्हतंच."

"मग माझ्या तारा?" त्यांनी विचारलं. "मी जन्मभर पाणी काढलंय हो यांच्यावर. विचारा कुणालाही."

बाईंनी त्यांना झाडाखाली बसवलं, पाणी दिलं आणि पाणी कसं काढता ते विचारलं. गळतीभाऊंनी सगळं सांगितलं, पेल्यापासून. बाई नीट ऐकून म्हणाल्या, "काका, तारा काढायच्या आधीच तुम्हाला जागा कळलेली असते. तुम्हाला घरं कळतात. तारांचा त्यात काही संबंध नाही, त्या तुमच्या मनाप्रमाणे मनगट हललं की हलतात." मला वाटतं, त्यांच्याबद्दल याहून मोठं कुणी कधी बोललं नसेल. पण त्यांच्या कानांनी त्यातलं एकच वाक्य घेतलं. तारांचा काही संबंध नाही.

गावात दोन दिवस आमचा उद्धार झाला. डोंगर पोखरून उंदीर काढतात, यांना उंदीरही मिळाला नाही, वगैरे. ते चालतं, लोक दमतात. मग एका सकाळी गळतीभाऊ माझ्या दारात उभे. "ताई, कच्ची वही द्या."

द्यायची नसती तर हरवली म्हणता आलं असतं. मी दिली. माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी एका बाजूला वही ठेवली, दुसऱ्या बाजूला नकाशा, आणि बोट ठेवून एकेक आकडा जुळवत गेले. शिक्षण फार नाही, पण मापाच्या बाबतीत त्यांना कुणी फसवू शकत नाही. पहिल्या खोलीला अर्धा तास लागला. दुसऱ्या खोलीनंतर त्यांनी वही मिटली. मी सबबी सांगत होते, पाऊल लहानमोठं पडतं, खात्यातही असंच करतात, मी मुद्दाम नाही केलं. त्यांनी मला थांबवलं.

"ताई, ही भिंत तुम्ही बांधलीत."

मी नकाशाची घडी घालायला लागले.

"छान बांधलीत," ते म्हणाले, आणि चपला घालून गेले. त्या शब्दांत राग असता तर मी तो सहन केला असता. राग नव्हता. एका कारागिरानं दुसऱ्याच्या कामाला दिलेली दाद होती ती, आणि त्या दिवसापासून मला नीट झोप लागलेली नाही.

पावसाळा संपल्यावर रस्त्याची यंत्रं आली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी झाड उपटलं, आणि मुळांसकट विटा वर आल्या. रुंद, जुन्या, एकावर एक रचलेल्या. बाईंनी धावपळ करून काम थांबवलं, पण अर्धी भिंत तोवर ट्रकमधून भरावात गेली होती. उरलेला तुकडा आमच्या सतरंजीच्या नेमका खाली होता. नऊ वर्षं दर रविवारी आम्ही भिंतीवर बसून उकडलेली अंडी खाल्ली आणि समोरच्या कोऱ्या मातीत भिंत शोधली. डबे तिथे होते, म्हणून तारा घेऊन तिथे कुणी कधी फिरकलंच नाही. वहिनींची म्हण तिथे उभ्या सगळ्यांच्या ओठांवर आली असणार, पण वहिनी तिथे नव्हत्या आणि दुसऱ्या कुणाची ती म्हणायची छाती झाली नाही.

मी धावतच त्यांच्या घरी गेले. पलंगावरच्या भिंतीवर नकाशाच्या जागी फिकट चौकोन होता. मी धापा टाकत सांगितलं, "गळतीभाऊ, भिंत निघाली! तुम्ही दाखवली होती तीच! पहिल्या दिवशी, वाळलेलं गवत, खाली घट्ट आहे म्हणालात. बाई म्हणाल्या, त्याही गवतावरूनच शोधतात. तुम्हाला डोळ्यांनी दिसलं होतं!" ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ताई, पुन्हा मला काही बांधून देऊ नका."

त्यानंतर त्यांनी काम सोडलं. बोलावणं आलं की सांगायचे, मला कळत नाही, गळती शोधायचं यंत्र निघालंय, त्या यंत्रवाल्याला बोलवा. सुरुवातीला लोक गयावया करायचे, मग यंत्रवाल्याकडे जाऊ लागले. तारा वहिनींनी कपाटात ठेवल्या होत्या. गळतीभाऊंनी त्या काढून सरळ केल्या आणि पडद्याला लावल्या. मंडळ मोडलं. अध्यक्ष मुलाच्या दुकानात पुन्हा बसू लागले आणि मुलाला नकोसे झाले.

मागच्या महिन्यात माझ्या न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली. खरीच आली, मी काही डाव रचला नव्हता. पण आली तेव्हा आनंद झाला हे कबूल करते. मी त्यांना हातापाया पडून बोलावलं. ते पिशवी न घेता आले. दारात चपला काढल्या. पेला मागितला नाही, काही विचारलं नाही. भिंतीसमोर उभे राहिले, आणि सवयीनं बोटं वर गेली. बेसिनच्या खाली, डावीकडे, वीतभर अंतरावर बोटं थांबली. पुढे गेली. परत तिथेच आली. या वेळी मी बोटांकडेच बघत होते. तेवढ्यात त्यांनाही ते कळलं आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लागावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

"यंत्रवाल्याला बोलवा, ताई. मला नाही कळत."

ते गेल्यावर मी त्या जागी पेन्सिलनं एक टिंब काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बिंदू जिथे होता तिथेच काढला. दुसऱ्या दिवशी यंत्रवाला आला, कानाला लावायची नळी, डबा, वायरी घेऊन. दोन तास तो भिंत ऐकत होता. मग त्यानं खडूनं फुली मारली, ती माझ्या टिंबावर. टिंब त्याला दिसलंही नव्हतं. फोडलं, तर मागे सांधा सुटलेला होता.

मी तशीच उठून त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. टिंब, फुली, सांधा, काही साफ केलं नाही. ते टेबलावरचे कागद, उशी, खिडकीची कड चाचपत होते. माझं सांगून संपल्यावर म्हणाले, "बोलाफुलाला गाठ पडली, ताई. होतं असं कधी कधी." आणि पुन्हा चाचपायला लागले. चष्मा शोधत होते. तो कपाळावर होता. मी वहिनींकडे बघितलं. त्या ओट्यापासून निघून आल्या, त्यांच्या कपाळावरचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला, आणि एक शब्द न बोलता परत ओट्याशी गेल्या.